विश्लेषण : लपवून नव्हे, आधीच सांगून घाबरवणारा दिग्दर्शक! हिचकॉक यांनी थरारपटाचे संकेत कसे घडवले आणि मोडले?

अंधाऱ्या जिन्यावरून नायिका वर जाऊ लागते आणि प्रेक्षक मनातल्या मनात तिला थांबवू लागतो. वर कोण दबा धरून बसले आहे हे तिला ठाऊक नसते, प्रेक्षकाला मात्र ठाऊक असते. आज कोणत्याही ओटीटी मालिकेत हमखास दिसणारी ही युक्ती पडद्यावर पक्की करणाऱ्यांत आल्फ्रेड हिचकॉक (१८९९-१९८०) यांचे नाव सर्वात वर घेतले जाते. लंडनच्या उपनगरातल्या भाजीविक्रेत्याचा हा मुलगा पुढे थरारपटाचा बादशहा ठरला. पन्नास वर्षांच्या कारकीर्दीत त्यांनी पन्नासहून अधिक चित्रपट केले. थरारपटाचे अलिखित नियम त्यांनी कसे शिकले, कसे वापरले, एकदा कसे चुकीच्या जागी मोडले आणि पडद्यावरची भीती पडद्यामागे आल्यावर काय झाले, याविषयी...

भीतीशी ओळख कुठे झाली?

हिचकॉक यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९९ रोजी लंडनजवळच्या लेटनस्टोन येथे झाला. वडील विल्यम यांचे भाजीपाला आणि कोंबड्यांचे दुकान होते. घर कडक शिस्तीचे आणि कॅथलिक. तीन भावंडांत आल्फ्रेड सर्वात धाकटे. लहानपणचा एक किस्सा ते आयुष्यभर सांगत राहिले. पाच-सहा वर्षांचे असताना काही खोडीबद्दल वडिलांनी त्यांच्या हाती एक चिठ्ठी देऊन त्यांना पोलीस चौकीत पाठवले. चिठ्ठी वाचून पोलिसाने त्यांना काही मिनिटे कोठडीत बंद केले आणि वात्रट मुलांचे असेच होते, अशी समज देऊन सोडले. पोलिसांची धास्ती त्यांच्या मनातून कधीच गेली नाही.

दुसरा धडा शाळेत मिळाला. ते सेंट इग्नेशियस या जेझुइट पाद्रींच्या शाळेत शिकले. तेथे शिक्षा जाहीर होई, पण ती घ्यायला दिवसभरात कधी जायचे हे विद्यार्थ्याने ठरवायचे असे, असे त्यांनी पुढे सांगितले. साहजिकच मुले ती संध्याकाळपर्यंत लांबवत आणि दिवसभर तिच्या विचाराने झुरत. फटक्यांपेक्षा फटक्यांची वाट पाहणे अधिक छळते, हे या मुलाला फार लवकर कळले. पुढच्या सगळ्या कारकीर्दीचे सूत्र एका अर्थाने इथेच आहे.

सिनेमाकडे ते कसे वळले?

१९१४ मध्ये वडील वारले आणि कमावणे भाग पडले. हेन्ली या तारा आणि केबल बनवणाऱ्या कंपनीत त्यांनी नोकरी धरली. संध्याकाळी चित्रकलेचे वर्ग केले आणि पुढे ते कंपनीच्या जाहिरात विभागात गेले. कंपनीच्या अंतर्गत मासिकात १९१९ मध्ये त्यांची एक छोटी कथा छापून आली. पॅरिसच्या अंधाऱ्या वस्तीत गुंडांच्या तावडीत सापडलेली एक स्त्री, तिची वाढत जाणारी भीती आणि शेवटी उलगडा असा, की ती दंतवैद्याच्या खुर्चीत गुंगीत होती. एकोणीस वर्षांचा हा कारकून तेव्हाच वाचकाला हवे तिथे ओढत नेऊन शेवटी त्याची थट्टा करायला शिकला होता.

याच सुमारास एका अमेरिकी कंपनीने लंडनच्या इझलिंग्टन भागात स्टुडिओ उघडला. मूकपटात दृश्यांच्या मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्या रंगवण्याचे काम हिचकॉक यांनी तेथे मिळवले. मग कलादिग्दर्शन, पटकथा, साहाय्यक दिग्दर्शन अशी एकेक पायरी ते चढले. १९२४ मध्ये कामानिमित्त ते बर्लिनजवळच्या उफा स्टुडिओत गेले. तेथे एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांचे चित्रीकरण त्यांना जवळून पाहता आले. पाट्यांच्या आधाराशिवाय, केवळ कॅमेरा, प्रकाश आणि सावलीतून गोष्ट सांगता येते, हे त्यांनी तेथे पाहिले. बोलपट आल्यानंतरही आवाज बंद केला तरी कथा कळली पाहिजे, हा आग्रह त्यांनी सोडला नाही.

‘द लॉजर’ने कोणते संकेत पक्के केले?

१९२७ मध्ये प्रदर्शित झालेला ‘द लॉजर’ हा हिचकॉक यांचा पहिला खऱ्या अर्थाने हिचकॉकी चित्रपट मानला जातो. लंडनमध्ये सोनेरी केसांच्या मुलींचे खून होत आहेत. अशा वेळी एका कुटुंबात एक गूढ तरुण भाडेकरू म्हणून राहायला येतो. खुनी तोच का, हा घरमालकिणीला पडलेला प्रश्न प्रेक्षकाचाही होतो. मूकपटात पावलांचा आवाज ऐकवता येत नाही. म्हणून हिचकॉक यांनी जाड काचेची जमीन बनवून घेतली आणि खालून कॅमेरा लावला. वरच्या खोलीत अस्वस्थपणे येरझारा घालणारे बूट छताच्या आरपार दिसतात आणि खाली बसलेल्या कुटुंबाची धडधड प्रेक्षकापर्यंत पोहोचते.

या चित्रपटाने त्यांना धंद्याची बाजूही शिकवली. भाडेकरूची भूमिका करणारा आयव्हर नोव्हेलो तेव्हाचा मोठा तारा होता. लाडका तारा खुनी ठरलेला चालणार नाही, म्हणून कथेतला भाडेकरू निर्दोष ठरवावा लागला. म्हणजे ताऱ्याचा चेहरा हाही प्रेक्षकाशी झालेला एक करार असतो. आपल्या आवडत्या नटाचे शेवटी बरे होणार, हे तिकीट काढतानाच प्रेक्षकाने गृहीत धरलेले असते. हा करार त्या वेळी त्यांनी नाइलाजाने पाळला. तेहतीस वर्षांनी तो कसा मोडला, ते पुढे येईलच.

धक्का आणि उत्कंठा यांत फरक काय?

हिचकॉक यांनी हा फरक अनेक मुलाखतींतून एका साध्या उदाहरणाने समजावला. काही माणसे टेबलाभोवती बसून किरकोळ गप्पा मारत आहेत. अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो, पण तो धक्का काही सेकंदांचा. आता तेच दृश्य वेगळ्या प्रकारे पाहू. बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिले आहे. भिंतीवरच्या घड्याळात स्फोटाची वेळ जवळ येत आहे. गप्पा त्याच, माणसे तीच. पण आता प्रत्येक रटाळ वाक्य असह्य होते, कारण ही माणसे उठून बाहेर का जात नाहीत, हा एकच विचार प्रेक्षकाच्या डोक्यात असतो.

पहिल्या प्रकारात दिग्दर्शकाने माहिती लपवली, दुसऱ्यात ती वाटली. पहिल्याला धक्का म्हणायचे, दुसऱ्याला उत्कंठा. खुनी कोण, हे शेवटच्या पानापर्यंत दडवून ठेवणारी कोड्यासारखी रहस्यकथा हिचकॉक यांना फारशी रुचत नसे. अशा कथेत डोके चालते, पण काळजी वाटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. प्रेक्षकाला पात्रापेक्षा थोडे जास्त कळू द्यायचे, मग त्याला खुर्चीत अडकवून ठेवायचे आणि वेळ ताणायचा, ही त्यांची पद्धत. यासाठी थरारपटाने वापरलेली साधने फार थोडी आहेत. घड्याळ, बंद दार, जिना, किल्ली, उशिरा येणारे वाहन आणि एकाच वेळी दोन ठिकाणी चाललेल्या गोष्टी आलटून पालटून दाखवणारे संकलन.

‘सॅबोटाज’मध्ये काय चुकले?

हे साधन किती धारदार आहे, याचा अनुभव हिचकॉक यांना १९३६ मध्ये आला. जोसेफ कॉनरॅड यांच्या कादंबरीवर बेतलेल्या ‘सॅबोटाज’मध्ये लंडनमधील एका चित्रपटगृहाचा मालक घातपात करणाऱ्यांना सामील असतो. तो आपल्या पत्नीच्या धाकट्या भावाच्या हाती एक पुडके देतो. त्यात बॉम्ब आहे आणि तो दुपारी पावणेदोन वाजता फुटणार आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. मुलाला मात्र नाही. रस्त्यात एक फेरीवाला त्याला थांबवून त्याच्यावर दंतमंजनाचे प्रात्यक्षिक करतो. पुढे मिरवणुकीच्या गर्दीत तो अडकतो. मग बसमध्ये शेजारच्या कुत्र्याच्या पिल्लाशी खेळत बसतो. मधूनमधून घड्याळे दिसत राहतात.

इथवर सर्व काही नियमाप्रमाणे होते. पण बॉम्ब फुटतो आणि मुलगा, पिल्लू, बसमधले प्रवासी सगळे मरतात. मूळ कादंबरीतही मुलगा मरतोच. पण पडद्यावर ताणून धरलेल्या त्या मिनिटांनंतर प्रेक्षकाला हे सोसले नाही. लोक चिडले. हे दृश्य चुकले, असे हिचकॉक यांनी नंतर स्वतःच कबूल केले. प्रेक्षकाला इतका वेळ काळजीत ठेवल्यावर त्याला सुटकेचा श्वास मिळायलाच हवा, हा धडा त्यांनी घेतला. उत्कंठेचा संकेत म्हणजे प्रेक्षकाला दिलेला शब्द असतो. तो मोडायचा तर त्यामागे तेवढेच मोठे कारण लागते.

चुकीच्याच माणसामागे पोलीस का?

हिचकॉक यांच्या चित्रपटांत वारंवार येणारे कथासूत्र म्हणजे निरपराध माणसावर आलेला आळ. ‘द थर्टीनाइन स्टेप्स’ (१९३५) मध्ये नायकाच्या घरात एका स्त्री हेराचा खून होतो आणि तो लंडनहून स्कॉटलंडकडे पळतो. गुन्हेगार त्याच्या मागावर असतात, कारण त्याला गुपित कळल्याचा त्यांना संशय आहे. पोलीसही मागावर असतात, कारण खुनी तोच, असे त्यांना वाटते. या दुहेरी पाठलागाने एक मोठी अडचण सुटते. नायक सरळ पोलिसांकडे का जात नाही, हा प्रश्न थरारपट पाहताना कुणालाही पडतो. इथे ती वाट आधीच बंद केलेली असते. कोठडीत बसलेल्या लहान मुलाची धास्ती अशी कथेच्या उपयोगी पडली.

मग ते गुपित काय असते? हिचकॉक यांच्या मते ते फारसे महत्त्वाचे नसते. ज्या वस्तूसाठी पात्रे जीव टाकतात, पण प्रेक्षकाला जिच्याशी फारसे देणेघेणे नसते, तिला ते मॅकगफिन म्हणत. एखादे विमानाचे सूत्र, कागद, बाटलीत लपवलेली पूड, काहीही चालते. ती वस्तू पाठलाग सुरू करते, एवढेच तिचे काम. प्रेक्षक वस्तूसाठी नव्हे, माणसासाठी घाबरतो.

हॉलिवूडमध्ये गेल्यावर काय बदलले?

ब्रिटनमध्ये ‘द लेडी व्हॅनिशेस’ (१९३८) पर्यंत मोठे नाव झाल्यावर हिचकॉक १९३९ मध्ये निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांच्या करारावर अमेरिकेत गेले. डॅफ्ने ड्यू मॉरिए यांच्या कादंबरीवरील ‘रिबेका’ (१९४०) हा तेथील पहिला चित्रपट. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, पण ते निर्मात्याच्या हाती गेले. (हिंदीतला १९६४ चा ‘कोहरा’ याच कादंबरीवर आधारलेला आहे.) तांत्रिक साधने आणि पैसा हॉलिवूडमध्ये मुबलक होता, पण शेवटचा शब्द निर्मात्याचा असे. ‘सस्पिशन’ (१९४१) मध्ये पत्नीला संशय असतो, की नवरा आपल्याला विष देणार. केरी ग्रँट हा देखणा तारा नवऱ्याच्या भूमिकेत असल्याने तो खुनी ठरू शकला नाही. मात्र तो जिन्यावरून दुधाचा पेला घेऊन वर जातो, त्या दृश्यात हिचकॉक यांनी पेल्यात छोटा दिवा लपवला. अंधारात फक्त पांढरे दूध चमकते आणि नजर तिथून हलत नाही.

‘नटोरियस’ (१९४६) मधील मेजवानी तर उत्कंठेचा वस्तुपाठच ठरावा. अमेरिकी गुप्तहेरांसाठी काम करणारी नायिका नाझी नवऱ्याच्या जुडग्यातून तळघराची किल्ली चोरते. भव्य दिवाणखान्याच्या उंचीवरून कॅमेरा हळूहळू खाली उतरत थेट तिच्या मुठीतल्या किल्लीवर येऊन थांबतो. पाहुणे शॅम्पेन पीत आहेत. बाटल्या संपल्या, की नवरा आणखी आणायला तळघराकडे जाणार आणि चोरी उघड होणार. इथे बॉम्ब नाही, घड्याळही नाही. कमी होत जाणाऱ्या बाटल्या हेच घड्याळ.

प्रेक्षकालाच साक्षीदार का केले?

१९५० चे दशक हे हिचकॉक यांच्या बहराचे मानले जाते. ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ (१९५१) मध्ये एकीकडे नायक टेनिसचा सामना लवकर संपवण्यासाठी झगडत असतो आणि दुसरीकडे खलनायक गटारात पडलेला लायटर काढण्यासाठी हात लांबवत असतो. दोन्ही दृश्ये आलटून पालटून दिसतात. गंमत अशी, की लायटर बोटांतून निसटतो तेव्हा खलनायकासाठीही प्रेक्षकाचा श्वास अडकतो.

‘रिअर विंडो’ (१९५४) मध्ये पाय मोडून चाकाच्या खुर्चीत बसलेला छायाचित्रकार समोरच्या खिडक्यांतून शेजाऱ्यांचे आयुष्य पाहत असतो. एका शेजाऱ्याने पत्नीचा खून केला असावा, असा त्याला संशय येतो. जवळपास संपूर्ण चित्रपट त्याच्या खोलीतून दिसतो. पुरावा शोधायला त्याची प्रेयसी त्या घरात शिरते आणि शेजारी परत येताना दिसतो. नायकाला सारे दिसते, पण उठता येत नाही. चित्रपटगृहात खुर्चीला खिळलेल्या प्रेक्षकाची अवस्था नेमकी हीच असते. शिवाय दुसऱ्याच्या खिडकीत डोकावण्याचा दोष नायकाइतकाच आपल्याही माथी येतो.

‘व्हर्टिगो’ (१९५८) मध्ये त्यांनी आणखी धाडस केले. मूळ फ्रेंच कादंबरीत नायिकेचे गुपित शेवटी उघड होते. हिचकॉक यांनी ते बरेच आधी प्रेक्षकाला सांगून टाकले. त्यामुळे ही कोण, हा प्रश्न संपतो आणि नायकाला कळेल तेव्हा काय होईल, हा त्याहून जड प्रश्न सुरू होतो. त्या वेळी चित्रपटाला बेताचेच यश मिळाले. २०१२ मध्ये मात्र ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या समीक्षक पाहणीत तो आजवरच्या चित्रपटांत पहिल्या स्थानी आला.

संकेत माहीत असलेल्या प्रेक्षकाला कसे घाबरवायचे?

एव्हाना प्रेक्षकही तयार झाला होता. अंधारी गल्ली, ओला रस्ता, दिव्याच्या खांबाखाली उभा माणूस दिसला, की आता हल्ला होणार, हे त्याला कळू लागले. म्हणून ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) मध्ये हिचकॉक यांनी सर्व उलटे केले. भर दुपार, सपाट माळरान, लपायला झाड नाही, पार्श्वसंगीत नाही. नायक कुणाची तरी वाट पाहत उभा. बराच वेळ काहीच घडत नाही. पीक नसलेल्या शेतावर ते विमान फवारणी का करत आहे, असे एक वाटसरू सहज म्हणून जातो आणि बसने निघून जातो. मग ते विमान नायकाच्या अंगावर येते. ठिकाण अपेक्षेविरुद्ध निवडले, तरी हल्ल्याआधी प्रेक्षकाला एक खूण देण्याचा नियम त्यांनी पाळला.

‘सायको’ने कोणता करार मोडला?

‘सायको’ (१९६०) ची कल्पना पॅरामाउंट स्टुडिओला पसंत नव्हती. तेव्हा हिचकॉक यांनी स्वतः पैसा उभा केला, नेहमीचे मानधन सोडून नफ्यात वाटा घेतला आणि आपल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या चमूसह सुमारे आठ लाख डॉलरमध्ये कृष्णधवल चित्रपट पूर्ण केला. जॅनेट ली ही परिचित तारका नायिका होती. कचेरीतले पैसे चोरून ती पळते. ती पकडली जाणार का, या काळजीत प्रेक्षक तिच्यासोबत प्रवास करतो. चित्रपट निम्म्यावर येण्याआधीच मोटेलच्या न्हाणीघरात तिचा खून होतो.

तारा मरत नाही, हा ‘द लॉजर’च्या वेळी निमूट पाळलेला करार त्यांनी इथे मोडला. तो मोडताच प्रेक्षकाच्या पायाखालची जमीन सरकली. नायिकाच मरू शकते, तर आता कुणाचाच भरवसा नाही. पाऊण मिनिटाच्या त्या दृश्याला सात दिवस लागले. छोट्या तुकड्यांच्या वेगवान संकलनात सुरी शरीरात शिरल्याचा भास होतो. पार्श्वसंगीत नको, असे हिचकॉक यांचे मत होते. संगीतकार बर्नार्ड हर्मन यांनी तंतुवाद्यांच्या किंकाळ्या बांधून ऐकवल्या, तेव्हा त्यांनी आपले मत बदलले.

त्यानंतरची चाल अधिक सूक्ष्म आहे. मोटेलचा तरुण मालक नॉर्मन मृतदेह गाडीत घालून गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडता बुडता मध्येच थांबते आणि ती बुडावी, असे प्रेक्षकालाच वाटून जाते. काही मिनिटांपूर्वी नायिकेसाठी हळहळणारा प्रेक्षक आता पुरावा नष्ट करणाऱ्याच्या बाजूने उभा असतो. चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नये, अशी अट हिचकॉक यांनी चित्रपटगृहांना घातली. तिचीच मोठी जाहिरात झाली आणि बाहेर रांगा लागल्या.

आल्मा यांचा वाटा किती?

हिचकॉक यांच्या यशात पत्नी आल्मा रेव्हिल यांचा वाटा मोठा होता. त्या त्यांच्यापेक्षा एका दिवसाने लहान. दोघांची ओळख झाली तेव्हा आल्मा संकलनात मुरलेल्या होत्या आणि हिचकॉक नवखे होते. १९२६ मध्ये त्यांचा विवाह झाला. ‘सस्पिशन’, ‘शॅडो ऑफ अ डाउट’ यांसारख्या चित्रपटांच्या पटकथेत त्यांचे नाव आहे. नाव नसलेल्या चित्रपटांतही त्यांचा शब्द अखेरचा असे. ‘सायको’ची जवळपास अंतिम प्रत पाहताना मृतदेह म्हणून पडलेल्या जॅनेट लीची सूक्ष्म हालचाल फक्त आल्मा यांच्या नजरेने टिपली, असा किस्सा सांगितला जातो. १९७९ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने जीवनगौरव दिला, तेव्हा हिचकॉक यांनी चार व्यक्तींचे आभार मानले. संकलक, पटकथाकार, मुलीची आई आणि स्वयंपाकिण अशा त्या चारही व्यक्ती म्हणजे आल्माच होत्या.

पडद्यामागची भीती कोणाच्या वाट्याला आली?

‘द बर्ड्स’ (१९६३) मध्ये शाळेबाहेर बसलेल्या नायिकेच्या मागे एकेक कावळा येऊन बसतो. आत मुले गाणे म्हणत असतात. तिला काहीच कळत नाही, प्रेक्षक कावळे मोजत राहतो. उत्कंठेचे हे नमुनेदार दृश्य. पण याच चित्रपटाने हिचकॉक यांच्या कीर्तीवर डागही ठेवला. माळ्यावरच्या हल्ल्याच्या दृश्यात यांत्रिक पक्षी असतील, असे नायिका टिपी हेड्रन यांना सांगितले होते. प्रत्यक्षात पाच दिवस त्यांच्या अंगावर जिवंत पक्षी फेकले गेले. डोळ्याजवळ जखम झाली आणि डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती घ्यायला लावली. हिचकॉक यांनी आपला लैंगिक छळ केला आणि नकार दिल्यावर करारात अडकवून कारकीर्द रोखली, असे आरोप हेड्रन यांनी केले. २०१६ च्या आत्मचरित्रात त्यांनी ते सविस्तर मांडले. तोवर हिचकॉक यांना जाऊन साडेतीन दशके उलटली होती. किम नोव्हाक, इव्हा मारी सेंट यांसारख्या त्यांच्या इतर नायिकांनी आपला अनुभव तसा नसल्याचे सांगितले आहे.

तरीही या प्रकरणातून एक रेघ स्पष्ट होते. प्रेक्षक तिकीट काढून, सुटकेची खात्री बाळगून घाबरायला येतो. माळ्यावर उभ्या असलेल्या अभिनेत्रीला काय होणार हे ठाऊक नव्हते आणि तिने त्याला होकारही दिलेला नव्हता. ज्या कलेचा पाया विश्वासावर आहे, तिच्या निर्मितीतच विश्वास मोडला गेला.

मागे काय उरले?

१९५५ पासून दहा वर्षे चाललेल्या दूरचित्रवाणी मालिकेमुळे हिचकॉक यांची गोलमटोल आकृती घराघरांत पोहोचली. आपल्या चित्रपटांत क्षणभर दिसण्याची त्यांची सवय इतकी लोकप्रिय झाली, की प्रेक्षकांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून पुढे ते सुरुवातीलाच दर्शन देऊन मोकळे होत. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी १९६२ मध्ये आठवडाभर त्यांची मुलाखत घेतली. तिचे पुस्तक आजही चित्रपटांचे विद्यार्थी वाचतात. दिग्दर्शनासाठी पाच वेळा नामांकन मिळूनही ऑस्कर मात्र त्यांना कधी मिळाले नाही. १९६८ मध्ये त्यांना एकूण कामगिरीसाठी दिला जाणारा थालबर्ग पुरस्कार मिळाला. ‘फॅमिली प्लॉट’ (१९७६) हा अखेरचा चित्रपट. १९८० च्या सुरुवातीला ब्रिटनने ‘सर’ हा किताब दिला आणि २९ एप्रिल १९८० रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी आल्माही गेल्या.

आज पडद्यावर मोबाइलची बॅटरी संपत येते, नायिकेच्या मागचे दार किंचित उघडे दिसते किंवा संगणकातली माहिती उतरवताना टक्केवारीचा आकडा हळूहळू सरकतो, तेव्हा ती ‘सॅबोटाज’मधल्या घड्याळाची आणि ‘नटोरियस’मधल्या बाटल्यांचीच नवी रूपे असतात. साधने बदलली, तरी कसोटी तीच आहे. प्रेक्षकाला किती आणि कधी सांगायचे, त्याला किती ताणायचे आणि दिलेला शब्द पाळायचा की मोडायचा. पावणेदोनच्या बॉम्बने हिचकॉक यांना हे शिकवले होते.